मदत हवी आहे : जुना रिसिव्हर, टेप लूप दोन आणि डेक तीन. जोडायचे कसे?

मिरजेचातंबोरा

मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला.

मामा कुवेतला नोकरीला होते. १९८०च्या सुमारास त्यांनी तिथून एक जपानी रिसिव्हर आणला, तो आता माझ्याकडे आलाय. चंदेरी तोंड, जडच्या जड नॉब, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. २२० व्होल्टवर चालतो, त्यामुळे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरची कटकट नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून 'आमचाच भारी' सुरू होईल.

मागे फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठी), ऑक्स (इतर यंत्रासाठी), टेप १ आणि टेप २ आहेत. दोन्ही टेपना प्रत्येकी चार आरसीए सॉकेट, दोन 'रेक आउट'चे (डेककडे भरायला जाणारा सिग्नल) आणि दोन 'प्ले'चे (डेककडून येणारा). ही जाण्यायेण्याची जोडी म्हणजे एक टेप लूप. पुढच्या बाजूला टेप मॉनिटरचा, म्हणजे मूळ सिग्नल ऐकायचा की डेकवरून येणारा ते ठरवणारा, खटका (सोर्स, १, २) आणि त्याच्या शेजारी डबिंगचा (१ वरून २, बंद, २ वरून १).

डेक मात्र तीन झालेत. अकाईचा ४०००डीएस स्पूल डेक, तीन हेडचा एक चांगला कॅसेट डेक, आणि एक साधा डबल कॅसेट डेक. स्पूलवर फक्त ऐकायचंय, नवीन काही भरायचं नाही. स्पुलांवर वडिलांनी केलेलं घरचं रेकॉर्डिंग आहे, त्यात एकावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या कॅसेटवरही हव्यात (आत्याला कॅसेटच लागते, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही) आणि संगणकातही.

आता अडचणी.

लूप दोन, डेक तीन. आमच्या इथला दुरुस्तीवाला म्हणतो, "वाय लीड (एका टोकाची दोन करणारी वायर) लावा, दोन डेक एकाच सॉकेटला." हे बरोबर आहे का? कपाट भिंतीला टेकलेलं आहे, दर वेळी ते ओढून वायरी बदलणं होणार नाही.

दुसरी गोष्ट चमत्कारिक आहे. डबल डेक टेप २ ला जोडलाय. तो बंद असला की रेडिओ आणि रेकॉर्ड दोन्हींचा आवाज चिरका होतो, विशेषतः गाणं वर चढलं की. डेक नुसता चालू केला, कॅसेट नसली तरी, की आवाज एकदम मोकळा. बंद डेकचा रेडिओशी काय संबंध?

तिसरी : काही स्पुलांवर डाव्या स्पीकरमधून ओव्या नीट येतात आणि त्याच वेळी उजव्यातून कोणीतरी अगम्य भाषेत बडबडतं. डेक बिघडलाय का?

पंचम

वाय लीड 'प्ले'च्या बाजूला अजिबात नको. दोन डेकांची आउटपुटं एकत्र बांधली की एकाला दुसऱ्याचा भार ओढावा लागतो. आवाज पडतो, फाटतो. 'रेक आउट'च्या बाजूला चालेल, तिथे एकच सिग्नल दोघांना वाटायचा असतो. पण तुमची दुसरी अडचण वाचून तिथेही सांभाळूनच म्हणेन.

चिमटीतला_सोल्डर

दुसऱ्या अडचणीचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिलीचं आपोआप सुटेल.

त्या काळच्या बऱ्याच रिसिव्हरांत रेक आउटला स्वतंत्र बफर (डेकचा भार मूळ सिग्नलवर न येऊ देणारं सर्किट) नसायचा. सिलेक्टरमधून निघालेला सिग्नल थेट, किंवा फार तर एखाद्या रेझिस्टरमधून, रेक आउटच्या सॉकेटवर जातो आणि तीच तार पुढे मॉनिटरच्या खटक्यातून व्हॉल्यूमकडे. म्हणजे रेक आउटला जोडलेला डेक आणि तुमचा स्पीकर एकाच टाकीवरचे दोन नळ आहेत. डेक चालू असताना त्याच्या इनपुटचा रोध दहा-पन्नास किलोओहमचा असतो, टाकीला जाणवतही नाही. बंद असताना आतल्या ट्रान्झिस्टरांना किंवा आयसीला वीज नसते. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या वर चढला की त्यांचे जंक्शन उघडतात आणि सिग्नलचा माथा खाऊन टाकतात. म्हणून हळू आवाजात कळत नाही, तान वर गेली की चिरकतं.

खात्री करायची तर डेक बंद ठेवून फक्त रेक आउटच्या दोन पिना उपसा. आवाज मोकळा झाला तर हेच. प्लेच्या पिना राहू द्या, मॉनिटर सोर्सवर असताना त्यांचा इथे काही संबंध नाही.

उपाय म्हणून लोक तीन गोष्टी करतात. डेक कायम चालू ठेवतात, मध्ये आरसीएची सिलेक्टर पेटी टाकतात, किंवा वायरीत १० किलोओहमचा रेझिस्टर घालतात. रेझिस्टरने त्रास कमी होतो, जात नाही. वर इनपुट ४७ किलोओहमचं असेल तर रेकॉर्डिंग लेव्हल पावणेदोन डेसिबलच्या आसपास पडते, ती नॉबने भरून काढता येते.

पण तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही असं वाटतंय. सॉकेटवर 'टेप २' लिहिलंय म्हणून त्याचे चारही पिन एकाच यंत्राला गेले पाहिजेत असा कायदा नाही. रेक आउट हा जाण्याचा रस्ता, प्ले हा येण्याचा. दोन्ही वेगवेगळ्या यंत्रांना देता येतात.

माझ्या मते जोडणी अशी करा. स्पूलवर भरायचं नाही म्हणता, तर त्याला लूप हवाच कशाला? त्याचा लाइन आउट ऑक्सला द्या. ऑक्स आणि टेप प्ले, दोन्ही लाइन लेव्हलचेच असतात. फोनोत चुकूनही नको. ते मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी असतं, तिथे सिग्नल शंभरेक पट वाढतो आणि वर आरआयएए इक्वलायझेशन (फक्त रेकॉर्डसाठीचा खर्ज-टिपेचा ठरावीक बदल) बसतं.

तीन हेडचा कॅसेट डेक टेप १ ला पूर्ण, चारही पिना. भरायचं काम त्याच्याकडे.

टेप २ च्या प्लेला डबल डेकचा लाइन आउट. टेप २ च्या रेक आउटमधून मात्र डबल डेकला काही देऊ नका. त्या दोन वायरी संगणकाच्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणारी छोटी पेटी).

आता बघा. सिलेक्टर ऑक्सवर ठेवला की स्पूल एकाच वेळी टेप १ वर कॅसेटमध्ये आणि टेप २ च्या वाटेने संगणकात. आत्या आणि संगणक एका फेरीत. डबिंग '१ वरून २' केलं की तीन हेडच्या डेकवरची कॅसेट संगणकात. '२ वरून १' केलं की डबल डेकवरून चांगल्या डेकवर. एवढंच होणार नाही की डबल डेकवरून थेट संगणकात जाईल, कारण टेप २ चा प्ले टेप २ च्याच रेक आउटवर येत नाही. त्याचं काही वाटून घेऊ नका, संगणकात घ्यायची कॅसेट चांगल्या डेकवरच लावलेली बरी. आणि दोन कॅसेटांत नक्कल करायची तर डबल डेक ते स्वतःच्या पोटात करतोच.

चिरक्या आवाजाचं मूळही गेलं. डबल डेकच्या इनपुटला वायरच नाही.

एक पथ्य : ऑक्सवर असलेल्या डेकच्या इनपुटला कुठलाही रेक आउट जोडू नका. सिलेक्टर ऑक्सवर आणि तो डेक रेकॉर्डवर, अशी गाठ पडली की त्याचा आवाज त्याच्यातच फिरून शिट्टी मारतो. ट्वीटर (स्पीकरमधले बारीक आवाजाचे भोंगे) त्यातच जातात.

सकाळचा_चहा

एवढा खटाटोप कशाला? स्पूल डेकचा लाइन आउट थेट इंटरफेसला लावा, संगणकात घ्या, विषय संपला. रिसिव्हरला मध्ये आणायचं कारणच काय?

चिमटीतला_सोल्डर

फक्त संगणकात घ्यायचं असेल तर शंभर टक्के खरं. जितके खटके कमी तितकं बरं. पण त्यांना कॅसेटही हवी आहे आणि कपाट ओढायचं नाहीये.

खटक्यांवरून आठवलं, टेप मॉनिटरचा खटका चाळीस वर्षांत काळा पडलेला असणार. सगळे सिग्नल त्याच्यातूनच जातात, टेप वापरा न वापरा. एक बाजू मध्येच गेली, खरखर आली, की लोक स्पीकर बदलतात आणि दोष खटक्यात असतो. मशीन बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि पंधरावीस वेळा खटखट. डब्ल्यूडी-४० नको, ते या कामाचं नाही.

मंद्रसप्तक

तिसऱ्या अडचणीबद्दल : तुमचा अकाई ठणठणीत आहे. :)

ती 'अगम्य भाषा' म्हणजे तुमच्याच घरातलं उलटं मराठी आहे. वडिलांनी ते रेकॉर्डिंग मोनो, हाफ ट्रॅक मशीनवर केलं असणार. तेव्हाच्या ग्रुंडिगसारख्या घरगुती मशीनवर तसं सर्रास व्हायचं. टेपच्या वरच्या अर्ध्या पट्टीत एक बाजू, मग स्पूल उलटून खालच्या अर्ध्यात दुसरी. तुमचा डेक चार ट्रॅकचा स्टिरिओ आहे, तो पहिला आणि तिसरा ट्रॅक एकदम वाचतो. पहिला वरच्या अर्ध्यात पडतो, म्हणून डावीकडे ओव्या. तिसरा खालच्या अर्ध्यात, म्हणजे दुसऱ्या बाजूवर, आणि ती उलट्या दिशेने भरलेली.

ऐकताना बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवा. कॅसेटवर भरताना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण रेक आउट हा व्हॉल्यूम, बॅलन्स, टोन या सगळ्यांच्या आधी निघतो. (व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही रेकॉर्डिंग होतं ते त्यामुळेच. रात्री शेजारी झोपले असताना सोयीचं.) कॅसेटसाठी स्पूल डेकच्या डाव्या लाइन आउटला वाय लीड लावून तोच सिग्नल ऑक्सच्या दोन्ही बाजूंना द्या. एक आउटपुट, दोन इनपुटं, इथे वाय लीड चालते.

संगणकात घेताना मात्र ती वाय लीड काढून दोन्ही चॅनेल घ्या! नंतर उजवा चॅनेल वेगळा काढून ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) 'रिव्हर्स' करा. दुसरी बाजू सरळ ऐकू येईल. एका फेरीत दोन्ही बाजू, आणि जुनी टेप एकदाच ओढली जाते, हा खरा फायदा.

वेगाकडेही बघा. ४०००डीएसवर सेकंदाला ९.५ आणि १९ सेंटिमीटर असे दोनच वेग आहेत. एखादी स्पूल ४.७५ वर भरलेली असेल तर आजी दुप्पट घाईत आणि चिमणीच्या आवाजात ऐकू येतील. तीही ९.५ वर घ्या, संगणकात वेग निम्मा करा.

आणि लावण्याआधी स्पूल उजेडासमोर आडवी धरा. गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार झिरपला तर ती ॲसिटेट, ठिसूळ असते. फास्ट फॉरवर्ड, रिवाइंड टाळा, साध्या वेगानेच पुढे न्या. काळी ठप्प दिसली तर बहुधा पॉलिएस्टर, ती तगडी असते.

मिरजेचातंबोरा

मंद्रसप्तक, काय बोलू! काल रात्री उजवा चॅनेल उलटा केला. वडील कोणालातरी सांगताहेत, "माईक लांब धर, भांड्यांचा आवाज येतोय." मागे खरंच भांडी वाजताहेत. आईला फोनवर ऐकवलं, ती म्हणाली तो 'कोणीतरी' म्हणजे धाकटा काका.

सोल्डरसाहेब, पिना उपसून पाहिल्या, निदान अचूक. तुमच्या पद्धतीने जोडणी केली आहे, फक्त संगणक राहिलाय. दोन शंका. लॅपटॉपला माइकचं भोक आहे, तिथेच रेक आउट दिला तर इंटरफेसचा खर्च वाचेल का? आणि इंटरफेस बंद असताना तोही डबल डेकसारखाच सिग्नल खाणार नाही का?

चिमटीतला_सोल्डर

माइकच्या भोकात नको. ते मिलिव्होल्टांसाठी असतं आणि बहुतेक लॅपटॉपवर मोनो. तुमचं उजव्या चॅनेलचं काका-प्रकरण तिथेच बुडेल. साधा, लाइन इनपुट असलेला स्टिरिओ इंटरफेस घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन.

दुसरी शंका रास्त आहे. इंटरफेसला वीज यूएसबीतून मिळते, लॅपटॉप काढला की तो मेला. तेव्हा खातो की नाही हे मॉडेलवर आहे. रेडिओ मोठ्याने लावून केबल काढून बघा. चिरकलं तर इंटरफेस मोबाइलच्या चार्जरवर चालू ठेवा, किंवा त्या दोन वायरी एवढ्या लांब घ्या की टोकं कपाटाच्या पुढे येतील आणि काम झालं की तिथेच उपसता येतील. लांब म्हणजे दीडदोन मीटर, दहा नव्हे, आणि मेनच्या वायरींना चिकटून नेऊ नका. सगळे डेक आणि रिसिव्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, हम (विजेचा गुणगुणाट) कमी राहतो.

पंचम

कॅसेट डेक रिसिव्हरच्या डोक्यावर ठेवला असेल तर तोही खाली घ्या. रिसिव्हरच्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट हेडमधून आत येतो, आणि रिसिव्हरची जाळी झाकली की तो तापतो ते वेगळंच.

मिरजेचातंबोरा

ठेवलाच आहे. :) आज हलवतो. आत्याच्या कॅसेटसाठी डॉल्बी बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) लावू की बंद ठेवू?

मंद्रसप्तक

आत्याच्या टेपला डॉल्बीचं बटण आहे का ते आधी विचारा. नसेल तर बंद. लावून भरलेली कॅसेट साध्या टेपवर तिखट वाजते.