मदत हवी आहे: थॅलेसेमियाच्या घरांतल्या मुलाखती, आणि मी त्यांच्यातलीच

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय थॅलेसेमिया मेजर (आयुष्यभर रक्त चढवावं लागतं असा जन्मजात रक्तविकार) असलेल्या मुलांची भावंडं. माझ्या धाकट्या भावाला मेजर होता, २२व्या वर्षी गेला. मी स्वतः मायनर, म्हणजे नुसती वाहक. मुलाखती सुरू केल्यात आणि अडलेय.

मी बहीण आहे हे कळलं की आया मोकळेपणी बोलतात, पण ऐन मोक्याच्या जागी थांबतात. "पंपाचं तुला काय सांगायचं, तू बघितलंच असशील." बघितलंय ना! पोटाच्या कातडीखाली सुई, सतत रक्त चढवून अंगात साठलेलं लोह उतरवायला रात्रभर ८-१० तास चालणारा डेस्फेराल या औषधाचा पंप, सकाळी टेंगूळ. पण ते आमच्या घरचं. आता बरीच मुलं लोह उतरवायला गोळ्या घेतात, दर २-४ आठवड्यांनी रक्त चढवणं तेवढं तसंच आहे. त्यांचं त्यांच्या तोंडून यायला हवं, आणि ट्रान्स्क्रिप्टमध्ये तिथे नुसतं "तुला माहितीच आहे". "मला काही ठाऊक नाही असं धरून सांगा" म्हटलं की नाटक केल्यासारखं वाटतं.

त्याहून अवघड म्हणजे "तुझा भाऊ काय करतो आता?" हे हमखास विचारतात, तेही रक्त चढत असलेल्या मुलासमोर. खोटं बोलणार नाही, पण तिथे "गेला" म्हणायला जीभ रेटत नाही. आधीच माहितीपत्रकात लिहावं का? गाइड म्हणतात, स्वतःबद्दल काही सांगूच नकोस. मला पटत नाही. एवढी गोष्ट दडवून घेतलेली सही कसली संमती? शिवाय रक्त चढवतात त्या डे-केअरमधल्या जुन्या सिस्टर मला नावानिशी ओळखतात.

भावंडं अल्पवयीन, म्हणून पालकांची संमती आणि मुलांचा होकार दोन्ही घेते. तरी आई खोलीतून हलत नाही. एक मुलगी आईकडे बघत म्हणाली, "माझं एचएलए नाही जुळलं." एचएलए म्हणजे बोनमॅरो प्रत्यारोपणासाठी जुळावा लागणारा पेशींचा प्रकार; सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता २५ टक्केच, हे मला पाठ आहे. माझंही जुळलं नव्हतं. ते तिला सांगावं की नाही ठरेना, रेकॉर्डर तसाच चालू राहिला. असं सांगितलं तर तो डेटा बिघडतो का? आणि आईला न दुखावता बाहेर कसं पाठवता?

पुस्तकांची यादी नको, ती भरपूर आहे. असं काम केलेल्यांनी, आणि खास करून ज्यांनी कधी अशा मुलाखती दिल्यात त्यांनी सांगा: समोरच्याने त्याचं स्वतःचं कधी सांगितलेलं तुम्हाला चाललं असतं? इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.