जुन्या वळणाचं कंट्री आणि गावातलं थिएटर: तुमचे अनुभव लिहा

अमेरिकन कंट्री संगीत म्हटलं की हल्ली स्टेडियम, धुराचे लोट आणि घट्ट जीन्समधले देखणे गडी डोळ्यांपुढे येतात. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा. इथे हवं आहे ते जुन्या वळणाचं: फिडल (म्हणजे व्हायोलिनच), आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार आणि केस पिकलेला गायक, तोही गावातल्या जुन्या थिएटरात.

सुरुवात मीच करतो. अमेरिकेतल्या ब्रिस्टल शहराच्या स्टेट स्ट्रीटवर मधोमध पितळी खुणा ठोकल्या आहेत. एका फुटपाथवर टेनेसी राज्य, समोरच्यावर व्हर्जिनिया. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर इथे यंत्रं घेऊन आले, आणि टोप्यांच्या एका रिकाम्या गोदामात जेमतेम दोन आठवड्यांत कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्रीच्या आद्य कलाकारांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. त्याच रस्त्यावर १९३१ सालचं पॅरामाउंट थिएटर आहे. मी गेलो ते खरं तर तिकीट स्वस्त होतं म्हणून. गायक जवळपासचाच असावा, कारण दोन गाण्यांच्या मध्ये त्याने तिसऱ्या रांगेतल्या एकाला हाक मारून गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. मग लगेच बायको सोडून गेल्याचं गाणं. तीन कॉर्डच्या पलीकडे काही नाही, पण एक शब्द निसटला नाही. शेजारचे आजोबा रुमाल शोधू लागले. आता तुम्ही लिहा.

वसईचा पाहुणा:
आमच्या घरी डिसेंबर लागला की कंट्री गायक जिम रीव्ह्ज लागायचा. वसईत, वांद्र्याला कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारा. १९६४ मध्ये विमान अपघातात गेलेला माणूस आमच्या पप्पांना शेजाऱ्यासारखा ओळखीचा होता. मी टेक्सासला आलो तेव्हा कळलं की तो इथलाच, कार्थेजच्या बाजूचा. पूर्व टेक्सासमधल्या एका छोट्या थिएटरात गायकाने फर्माईश विचारली, तेव्हा मी जिम रीव्ह्ज म्हणून ओरडलो. "कुठून आलास?" म्हणाला. इंडिया म्हटल्यावर सगळी माणसं वळून बघायला लागली. त्याने रीव्ह्जचं एक गाणं व्हायोलिनच्या ताफ्याशिवाय, नुसत्या गिटार आणि स्टीलवर म्हटलं. रीव्ह्जच्या रेकॉर्डींवर निर्माता चेट अ‍ॅटकिन्सने जी मखमल चढवली होती ती काढून टाकली की खाली किती रांगडं गाणं आहे ते त्या दिवशी ऐकलं. पप्पांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "आवाज बरा आहे, पण घाई करतो."

शेवंता_नॉक्सविल:
आमच्या आईला कार्टर फोल्डला नेलं होतं. व्हर्जिनियात हिल्टन्स म्हणून खेडं आहे, तिथे कार्टर घराण्याने बांधलेली मोठी शेडच म्हणा. शनिवारी कार्यक्रम असतो. दारू नाही आणि विजेवरची वाद्यंही नाहीत. नामवंत गायक जॉनी कॅशला मात्र सूट होती, जावईच ना घरचा! त्याचा शेवटचा कार्यक्रमही इथेच झाला, जुलै २००३ मध्ये. स्टेजपुढे मोकळी जागा असते आणि गाणं सुरू झालं की म्हातारी माणसं बुटांना धातूच्या पट्ट्या लावून नाचायला उतरतात. आई नऊवारीत. एक बाई आली आणि तिला हात धरून घेऊनच गेली. परतताना गाडीत आईचं परीक्षण: "पाय काय सुरेख पडतात गं त्यांचे! पण हात का असे टांगून ठेवतात?"

पट्टीपेटी:
कोणी पेडल स्टीलबद्दल, म्हणजे पेडलवाल्या स्टील गिटारीबद्दल लिहीत नाही म्हणून लिहितो. वादक बसून वाजवतो. समोर आडवी गिटार, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात लोखंडी दांडी, पायाखाली पेडल, गुडघ्यांना लागून तरफा. पेडल दाबलं की ठरावीक तारा ताणल्या जातात, म्हणजे तीन सुरांपैकी दोन वर सरकतात आणि तिसरा जागेवरच राहतो. मींड आपल्याला नवी नाही, पण अशी एकाच वेळी अर्धी हलणारी, अर्धी थांबलेली मी आधी ऐकली नव्हती. हिचं मूळ हवाईयन गिटारीत. तीच गिटार व्हॅन शिप्ली यांच्या हातून हिंदी सिनेसंगीताच्या धुनांत आली, त्यामुळे आपल्या पिढीच्या कानाला हा आवाज परका वाटत नाही. थिएटर लहान असेल तर उजव्या बाजूची जागा घेऊन वादकाचे पाय बघा. गायकाकडे नाही बघितलं तरी चालेल.

रोखठोक:
मला नाही आवडलं. गाण्यापेक्षा बोलणं जास्त. आधी आजोबांची गोष्ट, मग देव, मग देश. सबंध थिएटरात आम्ही दोघंच सावळे. कोणी वाईट वागलं नाही, पण हे आपल्यासाठी नाही असं वाटत राहिलं. मध्यंतरात निघालो.

पट्टीपेटी:
@रोखठोक, वाटणं समजू शकतो. पण हे गाणं फक्त गोऱ्यांचं कधीच नव्हतं. बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. कार्टर कुटुंबातले ए. पी. गाणी गोळा करत फिरायचे, तेव्हा चाली लक्षात ठेवायला सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवाला होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानकऱ्यांच्या यादीत) घेतलं २००५ साली, तो गेल्यावर तेवीस वर्षांनी. हे स्टेजवरून कोणी सांगत नाही, ही तक्रार माझीही आहे.

रोखठोक:
हे माहीत नव्हतं. तरी भाषणं लांबच होती.

निळू:
नॅशव्हिलचं रायमन सभागृह इथे चालेल का? गावातलं थिएटर नाही म्हणता येणार, पण १८९२ मध्ये प्रार्थनेसाठी बांधलेली वास्तू आहे आणि अजून चर्चची बाकंच आहेत. ऑप्री १९४३ ते १९७४ इथे होतं. नव्या जागी जाताना रायमनच्या स्टेजचा गोल तुकडा कापून नेला आणि नव्या स्टेजच्या मधोमध बसवला. गाणारा आजही त्यावर उभा राहतो. आवाज अप्रतिम, पाठीचे मात्र हाल. शाल घडी करून खाली घ्या.

शेवंता_नॉक्सविल:
एक राहिलंच. छोट्या थिएटरात कार्यक्रम संपला की गायक बाहेर टेबल मांडून स्वतः सीडी विकतो, सही करतो, फोटो काढू देतो. रोख पैसे जवळ ठेवा. आईने दोन घेतल्या. आता त्या वाजवायला आमच्याकडे काही नाही. नॉक्सविलच्या आसपास कोणाकडे चालू सीडी प्लेअर पडून आहे का?