बुद्धिबळ हा 'स्पोर्ट' कसा काय?

निवांतराव: काल मित्राशी जाम वाजलं. तो म्हणतो घाम आला नाही तर तो स्पोर्टच नाही, बुद्धिबळ, कॅरम, नेमबाजी सगळा टाइमपास. पटलं नाही पण उत्तरही सुचेना. तुमच्या हिशोबाने स्पोर्ट कशाला म्हणायचं?

खडूस: घामावरच ठरवायचं तर जिने चढणं पण स्पोर्ट झालं की 😄 मराठीत गेम आणि स्पोर्ट दोन्हीला खेळच म्हणतो त्यामुळे अजून घोळ. माझ्या मते नियम हवेत, हरवायला समोर कोणीतरी हवं आणि निकाल नशिबावर नाही तर कौशल्यावर लागला पाहिजे, म्हणजे सापशिडी बाद. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला, म्हणजे फिडेला, ऑलिंपिक समितीने १९९९ मध्येच मान्यता दिलीय पण ऑलिंपिकमध्ये मेडल अजून नाही, म्हणजे त्यांचंही तळ्यात-मळ्यात.

रिकामटेकडी: नेमबाजी तर १८९६ पासून आहे हो ऑलिंपिकमध्ये, तिथे जितकं कमी हलाल तितकं चांगलं. माझी अडचण वेगळीये, परीक्षक मार्क देतात तो प्रकार. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग (म्हणजे ब्रेकडान्स) बघितलं, भारी होतं, पण कला की खेळ? आणि १९१२ ते १९४८ पर्यंत चित्रकला, साहित्यालाही मेडलं होती, बोला आता.

निवांतराव: साहित्याला?? थांबा, हे त्याला आत्ताच पाठवतो.