रक्तातल्या कॅन्सर पेशींची सीटीसी टेस्ट भरवशाची हाये का? बजेट ५०००, सल्ला द्या

घाटंजीचा_कास्तकार
नमस्कार मंडळी. आईचं, वय ५८, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन) सारं होऊन दीड वर्ष झालं, गोळी सुरू हाये. तालुक्यातल्या एका लॅबचा माणूस म्हणते का गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी पकडाची पीसीआर टेस्ट करा, ९९ टक्के पक्कं सांगते, १५,००० लागतीन. माह्यापाशी ५००० हायेत, कापूस अजून घरातच पडून हाये. करू का? कुठी करू?

वणीवाला
भाऊ सरळ नागपूरले नेऊन पेट स्कॅन कर, सगळ्या अंगात कॅन्सर कुठी हाये ते दिसते. माह्या सासऱ्याचं आम्ही तीनदा केलं, पैशाकडे पाह्यलंच नाई.

वरुडची_संत्रा
आमच्या मिस्टरांची केली होती हीच टेस्ट, मोठ्या आतड्याचा होता. निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटले अन् चार महिन्यांनी लिव्हरमध्ये निघालं. पैसे गेले त्याचं काही नाही, पोट दुखत होतं तरी रिपोर्टवर विसंबून आम्ही दवाखान्यात गेलो नाही, ते अजून सलते.

पुसदकर_७७
नागपूरले जाचं असन तर पांढरकवड्यावरून जा, हायवे चांगला हाये.

वणीवाला
काहून? यवतमाळ-कळंब-वर्धा बरं पडते. अन् पेट स्कॅनच कर.

वर्धा_लॅब_टेक्निशियन
सोळा वर्षं लॅबमध्ये आहे म्हणून लिहितो. ९९ टक्के कशाचे ते आधी विचारा. एक मिली रक्तात लाल पेशी साधारण ५०० कोटी, पांढऱ्या ४० लाखांच्या वर, त्यात या पेशी असल्या तर दोन-चार, आजार पसरलेला असूनही ट्यूबमध्ये एकही न येणं नेहमीचं आहे. पीसीआर पेशी डोळ्याने पाहत नाही, बरेचदा स्तन, कातडी अशा थरांच्या पेशींत चालणाऱ्या सीके-१९ या जनुकाचा आरएनए (त्या जनुकाची पेशीतली नक्कल) शोधते, आणि त्याचा थोडा अंश निरोगी माणसाच्या रक्तातही निघतो. सुईबरोबर कातडीची पेशी आत गेली तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून पहिली ट्यूब या टेस्टला वापरायची नसते. साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणारी नेहमीची ट्यूब) आरएनए काही तासांत खराब होतो, त्यात आपल्याकडचं ऊन. सेलसर्च नावाची पद्धत वेगळी, ती चुंबकाने पेशी ओढून मोजते, २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-टेस्ट मंजूर करणारं सरकारी खातं) मान्य केली. साडेसात मिली रक्तात ५ किंवा जास्त पेशी म्हणजे लक्षण चांगलं नाही, पण हे आजार पसरलेल्या बायांसाठी, आईसारख्यांसाठी नाही. शिवाय ते चुंबक पेशीवरच्या ज्या एपकॅम प्रथिनाला धरतं ते काही पेशी टाकून देतात, मग त्या सुटतात.

वणीवाला
म्हंजे निगेटिव्ह आली तरी भरवसा नाई, तेच तर म्हणून राह्यलो.

सेवाग्रामची_सिस्टर
दादा, मला वाटतं पैसे ठेवा. एस-०५०० नावाची मोठी ट्रायल २०१४ मध्ये छापून आली. पसरलेला आजार असलेल्या ज्या बायांच्या रक्तातल्या पेशी पहिल्या किमोनंतरही कमी झाल्या नाहीत त्यांचं औषध लवकर बदलून पाहिलं, आयुष्य वाढलं नाही. आकडा खराब आला तर पुढं काय करायचं, याचं उत्तर तो लॅबवाला देईल का? वर्षाची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) झाली का आईची? ती चुकवू नका.

घाटंजीचा_कास्तकार
सगळ्याइचं वाचलं. त्या माणसाले फोन केला, साधी ट्यूब, कुरिअरनं मुंबईले, दोन दिवस लागते म्हणे. तिथं नाई करत. पण टेस्ट करतोच. आई रातच्याले उठून बगल चाचपत बसते, डॉक्टर चांगलं हाये म्हणते तरी तिले कागद पाह्यजे, अन् तिचं असं बसणं माह्याच्यानं पाह्यलं जात नाई. बहीण १०,००० देते. सोमवारी नागपूरले लॅबमंधीच रक्त देतो, पहिली ट्यूब बाजूले ठेवा म्हणतो, मॅमोग्राफी पण त्याच दिवशी. पांढरकवड्यावरूनच जातो.

सेवाग्रामची_सिस्टर
बरं दादा. निगेटिव्ह आली तरी गोळी बंद करू देऊ नका. अन् बगलेत खरंच काही हाताला लागत असेल तर सोमवारची वाट पाहू नका, उद्याच ऑपरेशनवाल्या डॉक्टरला दाखवा.