बंबाला एकेरी रस्ता लागू नाही का?

पेठकर: काल संध्याकाळी आमच्या पेठेत अग्निशमनचा बंब एकेरी रस्त्यात उलटा घुसला. मला स्कूटर फुटपाथवर चढवावी लागली, मागे आई बसलेली. आगीच्या नावाखाली ही मनमानी किती दिवस खपवून घ्यायची?

चालकपुत्र: हे वाचून राहवलं नाही. मनमानी कसली? 2017 च्या मोटार वाहन चालन नियमावलीनेच तातडीच्या गाड्यांना सिग्नल ओलांडायची, उलट्या दिशेने जायची मुभा दिली आहे, पुरेशी खबरदारी घेऊन. अग्रक्रमही ठरलेला आहे: आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माझे वडील बंबावर चालक होते. साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन. टाकी अर्धी असली की वळणावर आतलं पाणी एका अंगाला धावतं आणि अख्खी गाडी ओढून नेतं. तुमच्या स्कूटरसारखा ब्रेक लागत नाही तो.

पेठकर: मग जी गाडी पटकन थांबत नाही, ती उलटी घालताना जास्तच जपायला हवं ना? ‘खबरदारी घेऊन’ हे तुम्हीच लिहिलंय.

मीरा_के: वाट द्यायला झेब्रा पट्ट्यांवर गाडी घेतली, तर मला सिग्नल तोडल्याचं ई-चलान आलं! दोन्हीकडून आम्हीच मरायचं का?

वाडेकरी: खरा रोग पार्किंगचा आहे. आमच्या शेजारच्या वाड्यात आग लागली तेव्हा बंब कोपऱ्यावरच अडकला. दोन्ही बाजूंना दुचाक्या, पुढे गणपतीचा मंडप. जवानांनी तिथूनच पाण्याचे पाइप जोडत आणले. वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून हाका मारत होत्या. आधी मंडप हटवा, मग नियमांचं बोला.

मंडळ_कार्यकर्ता: झालं, आला गणपती मध्ये! बारा महिने रस्त्यावर उभ्या असलेल्या चारचाक्या दिसत नाहीत? अशा वेळी दुचाक्या उचलायला आमचीच पोरं धावतात. तुम्ही गॅलरीतून व्हिडिओ काढता.

वाडेकरी: तोंड सांभाळून बोला. त्या आजींना खाली आणणाऱ्यांत मी होतो. बंबापुरती वाट सोडणं ही मंडपाच्या परवानगीतलीच अट असते. तुमच्या मंडळाने सोडली का, तेवढं सांगा.

मंडळ_कार्यकर्ता: यंदा कमान मागे घेतलीय. येऊन बघा.

चालकपुत्र: पेठकर, वळणावर भोंगा वाजवून वेग कमी करायलाच हवा, वडीलही तेच म्हणायचे. पण तुम्ही भोंगा ऐकून आधीच कडेला का नाही झालात?

पेठकर: कडेला जागा होती कुठे? पार्किंग! वाडेकरींचं तेवढं मान्य. उलट्या दिशेचं अजिबात नाही.

मीरा_के: माझ्या चलानचं कुणी सांगेल का?

चालकपुत्र: वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर तक्रार टाका. चलानवरची वेळ लिहा आणि मागून बंब येत होता हे स्पष्ट नमूद करा.