गाडीत मागे दोन स्पीकर जादा बसवायचेत, वायरिंग कसं करावं?

वाडीची वारी:
नमस्कार मंडळी. आमची सात सीटची जुनी गाडी आहे, अगदी साधं मॉडेल. आधीच्या मालकाने बाहेरून टेप बसवून घेतलाय, स्पीकर फक्त पुढच्या दोन दारांत. दर पौर्णिमेला आम्ही नृसिंहवाडीला जातो. आई मधल्या सीटवर बसते, तिला अभंग नीट ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की पुढे बसलेल्या बाबांचं डोकं दुखतं. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, पुढच्या स्पीकरच्या वायरींनाच जोड मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. चालेल का? टेपवर '50 वॅट गुणिले 4' लिहिलंय. वेगळा अॅम्प्लिफायर लागेल काय?

उद्यमनगरचा वायरमन:
जोड अजिबात मारू देऊ नका. गाडीतले स्पीकर बहुतेक 4 ओहमचे असतात (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध, तो कमी तर करंट जास्त). दोन समांतर जोडले की टेपला 2 ओहम दिसतात, करंट दुप्पट जातो आणि आतली आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, तापते. कमी आवाजात चालल्यासारखं वाटतं, पण उन्हाळ्यात भर दुपारी आवाज वाढवला की टेप बंद पडायला लागतो. एकापुढे एक जोडले तर 8 ओहम होतात. त्यात धोका नाही, पण ताकद निम्म्यावर येते.

तुम्हाला यातलं काहीच करायची गरज दिसत नाही. 'गुणिले 4' म्हणजे टेपला चार चॅनेल, म्हणजे चार स्पीकरसाठी वेगवेगळ्या वायरी आहेत, तुम्ही दोनच वापरताय. टेप बाहेर ओढून मागची वायर बघा. बाहेरून बसवलेल्या टेपला साधारण पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. हिरवी-जांभळी चिकटपट्टी गुंडाळून मोकळी पडली असेल, तर तिथूनच मागे वायर न्या.

निगेटिव्ह मात्र गाडीच्या बॉडीला लावायची नाही. जुन्या टेपला ते चालायचं. आताच्या टेपमध्ये दोन्ही वायरींतून सिग्नल येतो, बॉडीला टेकली की आयसी जाऊ शकते. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच कामाला हात घाला.

आणि ते 50 वॅट फार मनावर घेऊ नका. इंजिन चालू असताना 14.4 व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर 4 ओहमला सलग 20 वॅटच्या आसपासच स्वच्छ आवाज निघतो. अभंगाला तेवढा पुष्कळ झाला, अॅम्प्लिफायरचे पैसे वाचवा.

बावड्याची वाट:
वरचं सगळं बरोबर. माझ्याकडून एक भर, कारण मी स्वतः यात पोळलोय. दाराचं पॅनेल काढल्यावर आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. माझ्या फिटरने तो फाडून टाकला. गगनबावड्याच्या एका पावसात काचेवरून उतरलेलं पाणी पॅनेलमध्ये आलं, कार्पेट भिजलं आणि दोन्ही स्पीकरचे कागद फुगले. प्लॅस्टिकचा कागद जपून सोडवा आणि परत नीट चिकटवून घ्या. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतूनच वायर ओढा. नुसतं भोक पाडून नेली, तर दार उघडझाप करून चार महिन्यांत सोलते.

वाडीची वारी:
टेप काढला. हिरवी-जांभळी खरंच मोकळी होती! मागच्या दारांत भोकं तयार होती, स्पीकर बसले. पण आवाज पोकळ येतोय, ढोलकीचा ठेका लागतच नाही. काय चुकलं असेल?

उद्यमनगरचा वायरमन:
एका स्पीकरची वायर उलटी लागली असणार. एका स्पीकरचा कागद बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, मग खालचे सूर एकमेकांना मारतात. वायर टेपपासून सोडवा आणि साधा पेन्सिल सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं प्लस हिरव्या-जांभळ्याला लागणाऱ्या टोकाला धरल्यावर कागद बाहेर आला पाहिजे. आत गेला तर त्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा.

वाडीची वारी:
मागची उजवीच उलटी होती. आता फेडर (पुढचा-मागचा आवाज कमी-जास्त करायची सोय) मागे सरकवून ठेवलाय. काल शिरोळपर्यंत आई टाळ्यांचा ठेका धरून होती, बाबा पुढे निवांत झोपले होते. तुमचे दोघांचे मनापासून आभार.