कल्ले, पर की पक्ष? आणि खवल्यांचं काय?

रत्नागिरीहून:
मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका जीवाश्म माशाचा तक्ता मराठीत करतेय आणि पहिल्याच बाणाला अडलेय. मासा लेपिडोटिस, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरातला, जुरासिक काळातला. 1851 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं तेव्हा जातीला नाव मिळालं डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. (आमच्या जांभ्यात कुठला असा मासा मिळायला!) आमच्या सरांनी पोहायच्या अवयवांना 'कल्ले' लिहिलं, मी ते खोडलं, आता ते रुसलेत. बरोबर कोण?

अलिबागहून:
ताई, तुम्ही. कल्ले जबड्यालगतचे. माणसाच्या कानापुढून गालावर उतरतात तेही कल्लेच. जिताडा घेताना झाकण उचलून आत तांबडं आहे का बघतो, ते माशाचे कल्ले, श्वास घ्यायचे. पण 'कल्ले-शेपटी उडवून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं रोज दिसतात आणि त्यांना कापून हवे असतात ते पर. म्हणजे सरांनी बाजारातलं लिहिलं, एवढंच. तक्त्यावर 'पर' लिहा. मराठी विश्वकोशात 'पक्ष' आहे: पृष्ठपक्ष, अंसपक्ष, गुदपक्ष. शेवटचा शब्द वाचला की आठवीचा वर्ग तासभर आवरणार नाही. त्यापेक्षा 'पाठीवरचा पर', 'छातीचा पर' बरं.

रत्नागिरीहून:
परातल्या काड्यांना?

अलिबागहून:
तुम्हीच म्हणालात की, काड्या. छत्रीच्या असतात तशा. टोचेल असा टणक असेल तर काटा. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागलाय तो त्याला काडी म्हणणार नाही.

मालवणहून:
परांचं झालं, पण खरी मेख खवल्यांत आहे. आमच्याकडे खवले म्हणजे जे खरवडून काढावं लागतं ते. बाजारात मोरीचं, म्हणजे शार्कचं विचारा, उत्तर येईल, "मोरयेक खवळां नाय, कातडा सोलूचा लागता." आणि तीच मोरी शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, पॉलिश पेपर! तिच्या कातडीत दातासारखे बारीक कण रुतलेले असतात, आणि शास्त्र त्यांनाही खवलेच म्हणतं.

लेपिडोटिसचे खवले तिसऱ्याच तऱ्हेचे. तांबोशीचे खवले नळीच्या कौलांसारखे, एकावर एक सरकवलेले. विळीच्या पात्याने उलटं ओढलं की उडतात, भिंतीला, केसाला, चहाच्या कपाला चिकटतात. याचे जाड, चौकटच्या पत्त्यासारखे तिरपे, फार कमी एकमेकांवर चढलेले. आतल्या बाजूला एकाची खुंटी शेजारच्याच्या खाचेत बसते. म्हणजे मंगलोरी कौलं म्हणा. शिवाय वर चकाकणारा टणक थर, लोणच्याच्या बरणीवर असतो तसा. मी त्यांना 'झिलईचे खवले' म्हणेन. शास्त्रातल्या गॅनॉइड या नावाच्या मुळाशी ग्रीकमधली चकाकीच आहे. अमेरिकेतला गार हा मासा याच्याच गोतातला आणि आजही जिवंत. तो साफ करायला लोक पत्रा कापायची कात्री घेतात. विळीचं काम नाही ते.

देवगडहून:
दादा, 'कवच' का नको? एवढं जाड आहे तर?

मालवणहून:
कवच खेकड्याचं, तिथे पाठीवर ओळीने वेगळे तुकडे मोजता येत नाहीत. इथे येतात. शिवाय माशाचं नावच मुळी 'खवलेवाला' अशा अर्थाचं आहे. तक्त्यावर कवच लिहिलंत तर नाव फुकट गेलं. आपल्याकडे त्या प्राण्यालाही कवच्या नाही, खवल्या मांजरच म्हणतात ना?

रत्नागिरीहून:
पटलं. एक राहिलंच. परांच्या पुढच्या कडेला बारीक टोकदार खवल्यांची एक रांग दाखवलीय, पर वाहत्या पाण्याला जिथे भिडतो तिथे. तिला काय म्हणू? 'धार' सुचलं होतं.

अलिबागहून:
धार म्हटलं की पोरं 'कापतो का?' विचारतील. काठ म्हणा. साडीचा काठ जरीने भारी करतात तसा हा खवल्यांनी केलेला.

रत्नागिरीहून:
'काठाचे खवले.' लिहिलं. सरांना दाखवलं, ते म्हणाले, "कल्ल्यांनाही एक बाण ठेवा." ठेवला, झाकणाकडे वळवून.